पोळ्याच्या दिवशी लारीत गेलेली भाजी

पोलीस ठाणे, अमरावती. दिनांक २७ ऑगस्ट १९३८, शनिवार.

मैनाबाई बेवा भगवंत, वय अंदाजे पंचेचाळीस, जात माळी, धंदा वाडी व भाजीपाला, राहणार वलगाव, तालुका व जिल्हा अमरावती. (मयत पतीचे नाव फिर्यादीने उच्चारले नाही. ते सोबत आलेल्या पार्बताबाईने सांगितले.)

समक्ष विचारल्यावरून सांगते की, माझ्या नावची भाजी यापुढे दवाखान्यात घ्यायची नाही असा हुकूम झाला आहे. ही गोष्ट आज सकाळी दवाखान्याच्या कोठीचे कारकून वामनराव यांनी फाटकावर येऊन मला सांगितली. तेव्हा माझ्यासोबत माझे भासरे म्हणजे थोरले दीर व शेजारीण पार्बताबाई हजर होते. भासऱ्यांचे नाव मी घेत नाही. ते बाहेर गाडीपाशी उभे आहेत, जमादारांनी त्यांना विचारून नत्थुजी असे लिहून घेतले. सोमवारपासून पालेभाजी व फळभाजी वलगावचेच खुशालराव यांच्या नावे येणार, असेही वामनरावांनी सांगितले. खुशालरावांनी आपल्या वाडीत यंदा तीळ पेरला आहे, भाजी लावलेली नाही.

दवाखाना म्हणजे क्षयाच्या रोग्यांचा सरकारी दवाखाना, जो शहराबाहेर बडनेरा रस्त्याला आहे तो. वलगावहून तो चार कोस पडतो.

माझी वाडी वलगावास पेढी नदीच्या काठी आहे. विहीर स्वतःची आहे, मोट भासऱ्यांच्या बैलांवर चालते. पती वारल्यापासून वाडी मीच करते. आधी भाजी वलगावच्या बाजारात व जास्त झाली तर अमरावतीस नेत होते.

मागच्या दिवाळीनंतर गावात दवंडी झाली. यापुढे सरकारी दवाखाने, शाळांची बोर्डिंगे व जेल यांना लागणारा भाजीपाला, दूध व इतर जिन्नस आधी त्याच तालुक्याच्या वाडीवाल्यांकडून व लहान धंदेवाल्यांकडून घेतले जातील, ठेकेदाराचा माल थोडा स्वस्त असला तरी गावचा माल चांगला असेल तर तोच घ्यावा, असा हुकूम असल्याचे पटवाऱ्यांनी चावडीवर समजावून सांगितले. माल स्वतःच्या वाडीचा पाहिजे, आणि वाडीवाल्याने किंवा त्याच्या घरच्या माणसाने तो स्वतः नेऊन दिला पाहिजे, मध्ये ठेकेदार नको, अशा अटी होत्या. पटवारी म्हणाले, "सरकारले तुमचं तोंड पाह्याचं हाय, निरे टोपले नाही." लोक हसले.

बऱ्याच जणांनी नावे दिली. बहुतेकांनी जेल मागितले. क्षयाचा दवाखाना कोणी मागत नव्हते. तेथून आलेली टोपली घरात घेऊ नये असे लोक म्हणतात. मी दवाखाना मागितला. पटवारी म्हणाले, "बाई, जेल जवळ पडते. तथीच काहून?" मी सांगितले की मला तोच पाहिजे. तेव्हा चावडीवरच्या कोणीतरी वाकून त्यांच्या कानात काही सांगितले. पटवाऱ्यांनी लगेच माझे नाव लिहिले. कांद्यासाठी खुशालरावांनी नाव दिले. आधी त्यांनाही जेल पाहिजे होते, ते दुसऱ्यास गेले.

कारण विचारल्यावरून सांगते की, माझी मुलगी वच्छला, वय वीस, ही मागच्या वर्षीच्या श्रावणापासून त्या दवाखान्यात आहे. तिला अकोल्यास दिली आहे. सासरच्या लोकांनी तिला तेथे आणून भरती केले. त्यानंतर ते भेटीला आले किंवा नाही हे मला पक्के माहीत नाही. जावयांनी वैशाखात दुसरे लग्न केले. हे मी वच्छलेला सांगितलेले नाही. दुसऱ्या कोणी सांगितले असल्यास मला माहीत नाही. ती मला त्याबद्दल विचारू शकत नाही, कारण आमचे बोलणे होत नाही.

बोलणे का होत नाही ते सांगते. नातेवाइकांना महिन्याच्या पहिल्या रविवारी तारेच्या कुंपणाबाहेर उभे राहता येते. तेथून बायकांचा वॉर्ड लांब आहे. माणूस ओळखू येते, आवाज पोहोचत नाही. भाजीची गाडी मात्र फाटकातून आत जाते. फाटकापासून सैपाकघरापर्यंतचा रस्ता बायकांच्या व्हरांड्याला लागून आहे. सकाळी खाटा व्हरांड्यात काढलेल्या असतात. वच्छलेची खाट शेवटून दुसरी आहे. आत कोणाशी बोलू नये, थांबू नये असा नियम आहे. मी कधी थांबले नाही व बोलले नाही. वामनरावांना विचारावे.

गाडी भासरे हाकतात. मी गाडीच्या उजव्या बाजूने पायी चालते. उजव्या बाजूला व्हरांडा आहे.

गाडी आली की वच्छला कठड्यापाशी उभी राहते. तिने लहानपणापासून वाडीत भाजी निवडली आहे, तिला लांबूनही टोपलीत काय आहे ते कळते. एखाद्या दिवशी आंबाडीच्या जुड्या सैल बांधल्या असल्या तर ती मान हलवते. दुसऱ्या दिवशी मी घट्ट बांधते. भेंडी कोवळी असली तर ती हसते. बाकी आमच्यात काही होत नाही.

उन्हाळ्यात एकदा वामनरावांनी भासऱ्यांना विचारले, "काहो बुवा, तुमचे बैल रस्त्यानं त पळत येतात, आन् आमच्या फाटकात शिरले का त्याइले काय होते? त्याइलेही भरती करून घ्याचं का?" भासऱ्यांनी सांगितले, "म्हातारे झाले सायेब, बैल." बैल तेव्हा चार दाती, म्हणजे तरणे होते. वामनरावांनी बैलांच्या तोंडाकडे पाहिले, मग व्हरांड्याकडे पाहिले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

देवीदास, राहणार अमरावती, हा त्या दवाखान्याचा पूर्वीचा ठेकेदार आहे. त्याची मोटार लारी आहे. बडनेऱ्याला रेल्वेने बाहेरगावचा माल येतो, तो उतरवून घेऊन तो ठिकठिकाणी भरतो. वरील हुकुमाने त्याचा ठेका बंद झाला. पण माझ्या माहितीप्रमाणे माल बंद झाला नाही. त्याने नाव मिळालेल्या वाडीवाल्यांना घरी बसण्याचे पैसे देऊ केले व त्यांच्या नावावर आपला माल भरू लागला. फाटकावर दाखवायला तो वाडीवाल्याच्या घरचे म्हणून कोणीही माणूस लारीत बसवतो. खुशालरावांनी हे मला स्वतः सांगितले. ते आमच्या विहिरीवर पाणी प्यायला थांबले होते. म्हणाले, "वैनी, मी त घरी बसून दवाखान्याले कांदे देऊन राह्यलो. सरकारले वाटते खुशालराव लय मेहनती मानूस हाय." पार्बताबाई तेथेच होती. ती म्हणाली, "मंग या ना एक दिवस, मोट धरा. मेहनत कशी असते ते तरी पाहून जा." ते हसले व मला म्हणाले, "वैनी, तुमीच काहून पाय तोडून राह्यल्या? नाव देऊन टाका न् घरी बसा."

आषाढात देवीदास स्वतः वाडीवर आला. त्याने चप्पल धुऱ्याच्या बांधावर काढली व नीट बोलला. "मावशी, तुमी बसा आरामात. तुमची भाजी मी अथूनच उचलतो. तुमच्या नावानं मी भरतो. वरतून जे काय ते वेगळं."

मी म्हटले, "मले नाही जमत."

"कमी वाटते का?"

"कमी नाही."

"मंग काहून?"

मी भेंडी तोडत राहिले. तो गेल्यावर पार्बताबाई म्हणाली, "सांगून टाकाचं होतं ना व मैना, पोरगी हाय तथी म्हनून." मी म्हटले, "त्याले सांगतलं असतं त त्यानं त्याचाही सौदा केला असता." त्याला पुढे कोणाकडून कळले असावे. भाजीचे नाव फक्त माझेच त्याच्या हाताबाहेर राहिले होते व तेच त्याला पाहिजे होते.

गुरुवारी दिनांक २५ रोजी पोळा होता. आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी झाली. हळद व तुपाने खांदे शेकून भासऱ्यांनी बैलांना "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असे सांगितले. हे आवतन दिल्यावर पोळ्याच्या व दुसऱ्या दिवशी म्हणजे करीला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. आमच्याकडे तसा रिवाज आहे व तो कोणी मोडत नाही. दवाखान्याला मात्र सणालाही भाजी लागते. म्हणून मी आधीपासून पार्बताबाई व आणखी दोघी बायांना सांगून ठेवले होते की, पोळ्याला व करीला आपण चौघींनी टोपली डोक्यावर न्यायची.

बुधवारी खांदशेकणी चालू असतानाच देवीदास आला. बैलांना हात लावून पाया पडला. मला म्हणाला, "मावशी, उद्या बैल तुमचे पाव्हणे. माही लारी सकाळी अथूनच रिकामी जाऊन राह्यली. टाका माल तिच्यात, तुमीबी बसा. सणाच्या दिवशी बायाइले डोक्यावर वझं देऊन काहून हिंडवता?"

मी म्हटले, "तुमच्या लारीत माल घातला त तो ठेकेदाराचा होईन ना?"

तो म्हणाला, "मालकीन मालावर बसून असल्यावर ठेकेदाराचा कसा होईन? उतरून तुमीच द्या. मी फाटकात येतही नाही."

मी भासऱ्यांकडे पाहिले. ते म्हणाले, "बसून जाय. पुरनाच्या दिवशी दुसऱ्याच्या बायका कशाले चालवतं?" पार्बताबाई म्हणाली, "मी येतो मैना, मले काई नाही." पण बाकीच्या दोघींच्या घरी लेकी माहेरी आल्या होत्या. त्या तोंडाने हो म्हणत होत्या. मी लारीला हो म्हटले.

गुरुवारी उजाडताना लारी आमच्या वाडीच्या वाटेवर येऊन उभी राहिली. हाकणारा माझ्या ओळखीचा नाही, देवीदास त्याच्या शेजारी होता. वांगी, भेंडी, गवार व आंबाडीच्या जुड्या अशी टोपली मी व पार्बताबाईने चढवली. दोडक्याचे एक टोपले विहिरीपाशी राहिले होते. ते वच्छलेला आवडतात म्हणून मी ते वेगळे पाणी मारून ठेवले होते. देवीदास म्हणाला, "आना मावशी, आना. थांबतो ना. घाई काय हाय?" मी विहिरीवर गेले. टोपले उचलताना मला पार्बताबाईची हाक ऐकू आली. "मैना व, गाडी गेली ना तुही!" मी वाटेवर आले तेव्हा लारी नव्हती. चाकांच्या खुणा पाण्याने भरत होत्या.

मी दोडक्याचे टोपले डोक्यावर घेऊन निघाले. रस्त्यात बसायला गाडी मिळाली नाही, कारण कोणी गाडी जुंपली नव्हती. लोक नदीवर बैल धूत होते. एकाने विचारले, "काहो मायबाई, पोळा सोडून कुठी?" मी सांगितले, दवाखान्यात.

फाटकावर पोहोचले तेव्हा ऊन वर आले होते. चपराशाने आत सोडले नाही. वामनराव आले व म्हणाले, "बाई, माल केव्हाचा आला तुमचा. ठेकेदाराच्या लारीत. आन् तुमचा पत्ता नाही."

मी म्हटले, "मी आली ना आता."

"आता येऊन काय उपेग? वांगे किडके, भेंडी लाकडावानी. सैपाकीन म्हने, मैनाबाईनं सणाचा कचरा पाठवला."

मी म्हटले की माझ्या वाडीत किडके वांगे टोपलीत पडत नाही. त्यांनी चपराशाकडून एक टोपले फाटकावर आणवले. टोपले माझे होते. काठाला हिरव्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली आहे, ती मी गुंडाळली आहे. आतली वांगी माझी नव्हती. माझी वांगी काटेरी देठाची, लहान व जांभळी असतात. ती लांबट, हिरवट होती व त्यांना रेल्वेच्या मालाच्या कडब्याच्या काड्या चिकटल्या होत्या.

वामनराव म्हणाले, "टोपलं तुमचं का नाही?"

"टोपलं माहं."

"मंग वांगे?"

"वांगे माहे नाही."

"आता हे मी सायबाले कसं सांगू, बाई? सायबानं लारी सोताच्या डोयानं पाह्यली. लारीत बसून आलेल्या मानसानं सांगतलं का माल मैनाबाईचा, मैनाबाई सणाले घरी."

वामनरावांबद्दल माझी तक्रार नाही. ते चढ्या आवाजात बोलले नाहीत. मी म्हटले, "मले सैपाकघरापर्यंत जाऊन येऊ द्या, बाकीचे टोपले पाहून येतो." ते म्हणाले, "सायबानं तुमचं नाव सध्या थांबवलं हाय. नाव थांबलं का तुमी बाहेरच्या. बाहेरच्याइनं पहिल्या रविवारी याचं." कोठीच्या माणसांना वॉर्डात जाण्याची मनाई आहे, म्हणून निरोपही त्यांना देता येत नव्हता. दोडके तरी आत न्या असे मी म्हटले. त्यांनी हात पुढे केला व मागे घेतला. म्हणाले, "नाही घेता येत."

मी समोरच्या झाडाखाली बसले. दुपारी वॉर्डातली आया लीलाबाई सुटी होऊन बाहेर आली. तिने मला ओळखले व सांगितले की, वच्छला सकाळी नेहमीसारखी कठड्यापाशी उभी होती. लारी आली तेव्हा तिने पुढे पाहिले, मागे पाहिले. टोपली उतरेपर्यंत ती पाहत होती. मग लीलाबाईला म्हणाली, "टोपले त मायचेच हायेत."

मी विचारले, "आन् काय म्हने?"

"काई नाही म्हने. जाऊन झोपली."

"जेवली का?"

लीलाबाई म्हणाली, "पुरन होतं आज. ठिवून देल्लं तिनं."

मी लीलाबाईला सांगितले की, परत आत जाऊन सांग, तुझी माय फाटकावर आहे. ती म्हणाली, "माय, माही सुटी झाली, आता मलेबी सोडनार नाही. सणाले घरी चालली, सोमवारी येतो. सोमवारी पहिले तुहाच निरोप सांगतो." मी दोडक्याचे टोपले तिला दिले. तिच्या घरी माणसे जास्त आहेत.

संध्याकाळी मी घरी पोहोचले तेव्हा पोळा फुटून बैल दारात आले होते. जावेने त्यांचे पाय धुतले होते. मी ओवाळले.

शुक्रवारी, करीला, मी एक टोपले घेऊन पायीच गेले. त्या दिवशीही आत सोडले नाही. मी कुंपणाच्या बाजूने फिरून पाहिले. व्हरांड्यात शेवटून दुसरी खाट होती. तिच्यावर कोणी नव्हते. चपराशाने हटकल्यावरून मी परत फिरले. त्याच दिवशी पार्बताबाई अमरावतीच्या बाजारात गेली होती. देवीदासाच्या दुकानात तिला माझ्या आंबाडीच्या जुड्या व भेंडी दिसली. जुड्या पळसाच्या सालीने बांधलेल्या होत्या व गाठ माझ्या हातची होती असे ती सांगते. तिने विचारले तर देवीदास म्हणाला, "मैनाबाईनंच देल्ल्या. सणाले बाईले आराम पाह्यजे होता." पार्बताबाई तिचा जबाब वेगळा देईल. तिने त्याला आणखी काय सांगितले ते येथे लिहू नये अशी तिची विनंती आहे.

आज शनिवारी बैल जुंपता आले. आम्ही नेहमीच्या वेळी पूर्ण माल घेऊन फाटकावर गेलो. तेव्हा वामनरावांनी सुरुवातीस लिहिलेला हुकूम सांगितला. मी माल बदलल्याचे पुन्हा सांगितले. ते म्हणाले, "किडके टोपले सायबानं सैपाकघरामांगं तसेच ठेवाले सांगतले हायेत. माल बदलला म्हनता त ठाण्यात जा. पोलिसानं तसं लेहून देल्लं त सोमवारी सायेब इचार करतीन. मीही सांगीन." जाताना ते भासऱ्यांना म्हणाले, "बुवा, बैल आज बाहेरच हळू चालून राह्यले ना." भासऱ्यांनी गाडी वळवली.

तेथून आम्ही सरळ ठाण्यात आलो. गाडी बाहेर उभी आहे. माल ओल्या पोत्याखाली आहे, भासरे त्यावर पाणी मारत आहेत. ठाण्यातल्या एका शिपायाने भेंडी मोडून पाहिली व कोवळी आहे असे म्हटले. तो साक्षीदार म्हणून चालत असेल तर त्याचे नाव घ्यावे.

देवीदासाशी माझे पूर्वीचे भांडण नाही. देणेघेणे नाही. खुशालरावांचे नाव मी वाईट हेतूने घेतलेले नाही. आज ठाण्याकडे येताना ते रस्त्यात भेटले. ते म्हणतात की सोमवारपासून त्यांच्या नावे भाजी येणार हे त्यांना माहीतच नव्हते, त्यांना कोणी विचारले नाही. तसे असू शकते.

माझे मागणे काय, भाजीची भरपाई पाहिजे का, असे जमादार पंजाबराव यांनी विचारले. मी सांगितले, "भाजी गेली त गेली. उद्या सकाळी मले गाडीसंग आत जाऊ द्या." ते पोलिसाच्या हातात नाही, असे त्यांनी सांगितले. मग कोणाच्या हातात आहे असे मी विचारले. दवाखान्याच्या साहेबांच्या, व ते सोमवारी भेटतील, असे त्यांनी सांगितले. मी म्हटले की सोमवारपर्यंत चार दिवस होतात. वच्छलेला तेथे सोडताना अकोल्याचे लोकही चार दिवसांत येतो असेच म्हणाले होते. याबाबत मला अधिक सांगायचे नाही.

बदललेल्या मालाची टोपली ओळख पटवण्यासाठी ठाण्यात मागवून घेतो, असे जमादार म्हणाले. मी म्हटले, "आनू नका. राहू द्या तथीच. तथीच येऊन ओळखतो मी."

त्यांनी विचारले, "काहून? अथी काय वांधा हाय?"

मी सांगितले की टोपली सैपाकघरामागे आहेत.

"मंग?"

"सैपाकघराले एकच रस्ता हाय."

जमादारांनी मागची पाने पुन्हा वाचली. नंतर त्यांनी असे ठरवले की, माल जेथे आहे तेथेच पंचांसमक्ष त्याचा पंचनामा करावा, फिर्यादीने जागेवर हजर राहून टोपली व माल ओळखावा, आणि पोलिसासोबत पंचनाम्यास आलेल्या फिर्यादीला फाटकावर अडवता येणार नाही. पंचांसाठी टांगा सांगतो असे ते म्हणाले. मी पायीच चालेन असे सांगितले, पंचही पायी आले तर बरे, असेही सांगितले. जमादारांनी विचारले, "हळू चालाचं का, बाई?" मी हो म्हटले.

हा सगळा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे. फक्त पंचनाम्याची वेळ सकाळी दहा अशी लिहिली होती, ती मी बदलायला सांगितली, कारण ऊन आल्यावर व्हरांड्यातल्या खाटा आत घेतात. त्यावरून दहा खोडून तेथे सूर्योदय असे लिहिले. उद्या रविवारी सूर्योदयाला जमादार पंजाबराव व दोन पंच दवाखान्याच्या फाटकावर येतील. मी त्याच्या आधी येऊन उभी असेन.

मैनाबाई बेवा भगवंत, डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी.
समक्ष, पंजाबराव, जमादार.